गहुंजेचं खळं

आजीने गहुंजेचं स्टेडियम पहिल्यांदा पाहिलं ते टेम्पोच्या पुढच्या सीटवरून. आम्ही चिंचवडहून मोटर दुरुस्त करून परत येत होतो. नदीवरची पाण्याची मोटर, दर उन्हाळ्यात जळणारी. संध्याकाळचं ऊन त्या पांढऱ्या छतावर पडलं होतं. तिने मान वळवून नीट पाहिलं आणि विचारलं, “एवढं मोठं खळं कुणाचं रे?”

मी तेव्हा आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला होतो, म्हणजे सगळं कळतं असं वाटायचं वय. मी तिला सांगितलं की हे खळं नाही, क्रिकेटचं मैदान आहे आणि ते लंडनच्या हॉपकिन्स आर्किटेक्ट्सने डिझाइन केलंय. ती म्हणाली, “मग गोलच आहे की.”

तिचं बरोबर होतं. मध्ये सपाट गोल जमीन आणि भोवती बसलेली माणसं, ही खळ्याचीच रचना. फक्त खळ्यात धान्य येतं आणि इथे तिकिटं जातात. नंतर कॉलेजात ‘घराजवळच्या एका इमारतीचा अभ्यास करा’ असं काम मिळालं, तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी शनिवारवाडा नाहीतर आयुका घेतलं. मी गहुंजे घेतलं. मावळातून येणाऱ्या पोराला मिरवायला दुसरं काय होतं?

म्हणजे होतं बरंच काही, फक्त मला ते दिसत नव्हतं. टाकवे खुर्दला, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या बाजूला, समुद्रावर जाणाऱ्या पोरांना शिकवणारी एक संस्था आहे, समुंद्रा इन्स्टिट्यूट. ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी ती रेखाटली. अमेरिकेत जन्मलेला हा माणूस १९७१ मध्ये अहमदाबादला आला, १९७६ मध्ये पुण्यात आला आणि इथलाच झाला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यातच गेला. तिथल्या वर्कशॉपला सुमारे ९० मीटर लांबीची काचेची भिंत आहे आणि त्या काचेतच सौर पट्ट्या बसवल्या आहेत. ही भिंत लाटेसारखी वळते. समुद्रापासून इतक्या लांब, घाटमाथ्यावर, भाताच्या खाचरांशेजारी लाट! पण बेनिंजर इथे राहिले, इथला काळा दगड त्यांनी हातात धरला. हॉपकिन्सचं तसं नाही. ते खरोखरच दूर बसून मावळाकडे पाहणारे होते. म्हणून मला तेच घ्यायचे होते.

आता थोडं मागे जाऊ.

पुण्याला गहुंजेची गरज का पडली, याची गोष्ट चक्क तिकिटांच्या भांडणातून सुरू होते. स्वारगेटचं नेहरू स्टेडियम महापालिकेच्या मालकीचं. तिथेच २९ फेब्रुवारी १९९६ ला वर्ल्ड कपमध्ये केनियाने वेस्ट इंडिजला हरवलं. माझा जन्म त्याच वर्षातला, त्यामुळे ही मॅच मी पाहिल्यासारखी सांगू शकतो. घरातल्या प्रत्येकाने ती मला इतक्यांदा ऐकवली आहे. पण मैदान पालिकेचं आणि सामने महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे, म्हटल्यावर पास कुणाला किती यावरून खटके उडायला लागले. शेवटी असोसिएशनने ठरवलं, आपलं स्वतःचं मैदान बांधू.

हे सगळं मुंबईत आधीच होऊन गेलं होतं. ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, सामने मुंबईच्या असोसिएशनचे, आणि भांडण पुन्हा तिकिटांचंच. त्यातून वानखेडे उभं राहिलं. शशी प्रभू या तरुण मराठी आर्किटेक्टने ते रेखाटलं आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धची कसोटी तिथे झाली. म्हणजे महाराष्ट्रातली दोन मोठी मैदानं फुकट पासांच्या वादातून जन्मली. आर्किटेक्चरच्या इतिहासात असलं कुणी शिकवत नाही. तिथे ‘स्थळाशी संवाद’ वगैरे शिकवतात.

मुंबईने घरचा आर्किटेक्ट घेतला होता. पुण्याने तीस-पस्तीस वर्षांनंतर लंडन गाठलं. यात नुसती हौस नव्हती. क्रिकेटच्या मैदानांबाबत मायकेल आणि पॅटी हॉपकिन्स या नवरा-बायकोच्या फर्मचं नाव तेव्हा वरच्या फळीत होतं. लॉर्ड्सवरचा माउंड स्टँड त्यांचा. १९८७ मध्ये एमसीसीला दोनशे वर्षं झाली त्या निमित्ताने तो बांधला. खाली जुन्या विटांच्या कमानी होत्या. त्या पाडून टाकायच्या ऐवजी त्यांनी त्या तशाच ठेवल्या, पुढे वाढवल्या, आणि वर पोलादाच्या खांबांवर पांढऱ्या कापडाचं छत ताणलं. इंग्लंडच्या खेड्यात मॅचच्या दिवशी मैदानाच्या कडेला तंबू ठोकतात, तसं. पुढे साउदॅम्प्टनचं रोझ बाउल त्यांनी केलं आणि लंडन ऑलिम्पिकचं सायकल शर्यतींचं स्टेडियमही त्यांचंच.

कापडाचं छत ही गोष्ट मावळातल्या माणसाला समजावून सांगायला लागत नाही. लग्नाचा मांडव ज्याने बांधलाय त्याला माहीत असतं की ताडपत्री सैल राहिली तर पाणी साचतं, वारा शिरतो आणि मग मांडव उडतो. ती ताणलेली हवी, आणि दोन दिशांना उलट वळण देऊन ताणली तर वाऱ्यालाही दाद देत नाही. हॉपकिन्स तेच करतात. फक्त काथ्याच्या जागी पोलादी दोर येतात आणि बांबूच्या जागी मास्ट. गहुंजेला समोरासमोरच्या दोन स्टँडवर असं छत आहे आणि मधल्या दोन बाजू उघड्या ठेवल्या आहेत. या उघडेपणामुळे आत बसलं तरी आपण मावळात आहोत हे कळतं. चहूबाजूंनी बंद स्टेडियममध्ये बसलं की पुणं काय आणि पर्थ काय. अर्थात ऑक्टोबरच्या दुपारी उघड्या बाजूला तिकीट काढलेल्या माणसाला हा मुद्दा पटवून दाखवा! इंग्लंडमध्ये ऊन ही मेजवानी असते. आपल्याकडे ती सोसायची गोष्ट आहे.

माझ्या अभ्यासाच्या कामात मी याच छतावर अडकलो आणि त्याच्या मागे मागे पॅरिसला पोचलो.

हॉपकिन्स ज्या पिढीचे, तिला ‘हाय-टेक’ म्हणतात. नॉर्मन फॉस्टर, रिचर्ड रॉजर्स हे त्यातले मोठे. मायकेल हॉपकिन्स स्वतः आधी फॉस्टरचे भागीदार होते. या मंडळींचा एक हट्ट होता. इमारत कशी उभी आहे आणि कशी चालते हे लपवायचं नाही. खांब दिसला पाहिजे, दोर दिसला पाहिजे, नट-बोल्ट दिसला पाहिजे. १९७६ मध्ये हॉपकिन्स दांपत्याने लंडनच्या हॅम्पस्टेडला स्वतःसाठी पोलाद आणि काचेचं घर बांधलं, त्यातही हाच हट्ट. पण या हट्टाची सगळ्यात धीट, सगळ्यात रंगीत इमारत म्हणजे पॅरिसचं पाँपिदू सेंटर. रॉजर्स आणि रेंझो पियानो यांनी ते १९७७ मध्ये पूर्ण केलं. इमारतीची आतडी त्यांनी बाहेर काढून टांगली आणि रंगवली. हवेचे पाइप निळे, विजेचे पिवळे, माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटा लाल, आणि पाण्याचे पाइप हिरवे. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसावं, इथे काय कुठून येतं आणि कुठे जातं.

मला हे फार आवडलं. इतकं की मी गहुंजेचा छेद काढायला घेतला आणि पाँपिदूचेच रंग वापरायचं ठरवलं. लाल जिने झाले, पिवळे दिव्यांचे मनोरे झाले. मग हिरवा पेन उचलला आणि थांबलो. पाणी कुठून येतं?

गहुंजेचं मैदान वाळूच्या थरावर आहे. त्यामुळे पाऊस पडून गेला की पाणी लगेच खाली उतरतं आणि खेळ पुन्हा सुरू होतो. पण जे पाणी झटकन निचरतं ते गवताला पुन्हा पुन्हा द्यावंही लागतं. एवढं हिरवंगार गवत मे महिन्याच्या मावळात कसं टिकतं, याचं उत्तर स्टेडियमच्या नकाशात नसतं. ते नकाशाच्या कागदाबाहेर असतं, पवना धरणात.

इथे मला माझ्या घरात यावं लागतं.

आमची मूळ जमीन आता पाण्याखाली आहे. तुंग, तिकोना, लोहगड यांच्या मधल्या खोऱ्यात सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पवना धरण झालं, तेव्हा आजोबा जे मिळालं ते घेऊन धरणाच्या खालच्या अंगाला आले. धरणग्रस्तांचं पुनर्वसन हा विषय पन्नास वर्षांनंतरही मावळात संपलेला नाही. निवडणूक आली की तो पुन्हा निघतो. तुम्ही पावसाळ्यात पवना लेकच्या काठावर तंबूत राहायला येता, गिटार वाजवता, पहाटे धुक्याचे रील काढता. जरूर या. फक्त तंबूसमोर जे पाणी दिसतं त्याच्या तळाशी घरांची जोती आहेत, एवढं ठाऊक असू द्या.

धरणातलं पाणी पिंपरी-चिंचवडला जातं ते नदीतून. धरणातून सोडायचं, नदीने वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत न्यायचं आणि तिथे उचलायचं. मधल्या गावांच्या मोटरी याच वाहत्या पाण्यावर चालतात. आमचीही. गहुंजेही याच पट्ट्यात येतं, रावेतच्या थोडं अलीकडे. २००८ च्या सुमाराला ठरलं की धरणापासून निगडीपर्यंत सुमारे ३४ किलोमीटर लांबीची बंद जलवाहिनी टाकायची. शहराच्या बाजूने पाहिलं तर योजनेत तथ्य होतं. नदीत पाणी मुरतं, घाण होतं, वाटेत उपसलं जातं. पाइपातून स्वच्छ आणि पूर्ण येईल. पण आजोबांसारख्या माणसांना त्यात एकच दिसलं. नदी कोरडी पडणार. एकदा जमीन दिली, आता पाणीही जाणार, आणि जाताना दिसणारसुद्धा नाही.

९ ऑगस्ट २०११. क्रांतिदिन. बऊरजवळ शेतकऱ्यांनी एक्सप्रेसवे अडवला. पोलिसांनी गोळीबार केला. एक बाई आणि दोन पुरुष, तीन शेतकरी मेले. मी तेव्हा दहावीत होतो. त्या दिवशी शाळा लवकर सुटली आणि घरी आलो तर आजोबा घरात नव्हते. तेही बऊरला गेलेले. मोबाइल त्यांच्याकडे नव्हता. आजी ओट्यावर बसून होती आणि तांदूळ निवडत होती, एकच सूप परत परत. अंधार पडल्यावर ते आले, चिखलाने भरलेले, एक चप्पल नसलेले. जेवले नाहीत. त्यांनी त्या दिवसाबद्दल पुढे कधी फार सांगितलं नाही. फक्त एकदा म्हणाले, “आम्ही पाइपाला अडवायला गेलो होतो, रस्त्याला नाही.”

त्याच वर्षाच्या अखेरीस गहुंजेला रणजीचा सामना झाला. १ एप्रिल २०१२ ला शरद पवारांच्या हस्ते स्टेडियमचं उद्घाटन झालं. बऊरच्या गोळीबाराला तेव्हा आठ महिनेही झाले नव्हते. रस्ता तोच, एक्सप्रेसवे. नदी तीच, पवना. मी या दोन तारखा शेजारी शेजारी लिहिल्या त्या कॉलेजच्या वहीत, चार-पाच वर्षांनी. त्याआधी त्या माझ्या डोक्यात दोन वेगळ्या खणांत होत्या. एक घरातली, एक क्रिकेटमधली. डिसेंबर २०१२ मध्ये भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी तिथे झाली तेव्हा युवराजच्या विकेटींवर मी ओरडलोच होतो की. टीव्हीसमोर आजोबाही बसले होते. तेही ओरडले.

हॉपकिन्सना यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, आणि मी त्यांच्यावर ठपका ठेवत नाही. मैदान कुठे करायचं हे त्यांनी ठरवलं नव्हतं, धरण आणि जलवाहिनी तर नाहीच. त्यांना एक जागा मिळाली, त्यांनी तिथे चांगली इमारत दिली. ती चांगली आहे, हे मी आजही म्हणतो. पण ‘काहीही लपवायचं नाही’ म्हणणाऱ्या परंपरेतली इमारत मावळात आली आणि तिची सगळ्यात मोठी गोष्ट मात्र दिसेनाशीच राहिली, हे मला सोडवत नाही. दोर दिसतो, मास्ट दिसतो, बोल्ट मोजता येतो. पाणी दिसत नाही.

ते दिसलं कोर्टात.

२०१६ हे दुष्काळाचं वर्ष होतं. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. पुण्याची टीम आपलं घर उचलून विशाखापट्टणमला गेली. दोन वर्षांनी चक्र उलटं फिरलं. कावेरीच्या पाण्यावरून चेन्नईत आंदोलन पेटलं, म्हणून चेन्नई सुपर किंग्जचे सामने तिथून हलवले, आणि कुठे आणले? गहुंजेला! एका नदीच्या भांडणातून उठून टीम दुसऱ्या नदीच्या भांडणात येऊन बसली. एप्रिल २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने मैदानासाठी पवना धरणाचं पाणी वापरायला मनाई केली. सुनावणीत प्रश्न असा आला होता की पाणी देण्याचा करार औद्योगिक वापरासाठीचा, तर खेळपट्टी आणि गवत यांना पाणी घालणं याला उद्योग म्हणायचं का? सामने झालेच, गवतही हिरवं राहिलं. पण माझ्या छेदात ज्या हिरव्या रेघेची जागा रिकामी होती, ती कोर्टाच्या बातमीत स्पष्ट छापून आली. मी तेव्हा चौथ्या वर्षाला होतो. बातमीचं कात्रण अजून जपून ठेवलंय.

या सगळ्या शोधात मायकेल-पॅटींबद्दलही एक गोष्ट सापडली, ती इथे सांगून टाकतो, थोडी वाट वाकडी करून. २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये त्या पिढीतल्या बड्या आर्किटेक्टांवर एक टीव्ही मालिका झाली. सगळ्यांचा एकत्र फोटो काढला होता, त्यात पॅटी हॉपकिन्स होत्या. पण मालिकेत तो फोटो दाखवला तेव्हा त्या त्यात नव्हत्या. पुसून टाकलेल्या. फर्म दोघांची, ब्रिटिश आर्किटेक्टांचं १९९४ चं सुवर्णपदक दोघांना मिळून, आणि फोटोत फक्त पुरुष. त्यावरून मोठी बोंबाबोंब झाली. मायकेल २०२३ मध्ये गेले. आता तुम्ही कुठे ‘मायकेल हॉपकिन्सचं स्टेडियम’ असं वाचलंत तर मनातल्या मनात पॅटींचं नाव जोडा.

मावळात बाहेरच्यांनी येऊन बांधणं काही नवं नाही, हे खरं. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची नावं कोरलेली आहेत, दान देणारे म्हणून. वर छताला लाकडी फासळ्या आहेत, जवळपास दोन हजार वर्षं टिकलेल्या, आणि त्या काहीच तोलून धरत नाहीत. डोंगर स्वतःच्या बळावर उभा आहे. फासळ्या फक्त लाकडी छताची आठवण म्हणून. हाय-टेकवाल्यांच्या हिशेबात हा सरळ खोटेपणा. मी एकवीरेला जातो तेव्हा दरवेळी तिथे थांबतो आणि मला तो खोटेपणा वाटत नाही. त्या खांबांवर निदान लिहून ठेवलंय की हे कुणी दिलं. रेल्वे आली, लोणावळ्यात बंगले आले. टाटांनी वळवण, शिरवत्याला धरणं बांधली, १९१५ मध्ये खोपोलीला वीज तयार झाली आणि तिच्यावर मुंबईच्या गिरण्या फिरल्या. शेजारच्या मुळशीत १९२१ ला सत्याग्रह झाला. सह्याद्रीच्या या पट्ट्यात पाऊस इतका पडतो की सगळ्यांना वाटतं इथलं पाणी कुणाचंच नाही.

बंद जलवाहिनीला बऊरनंतर स्थगिती मिळाली होती. ती बारा वर्षं टिकली. २०२३ मध्ये उठवली. आजोबा तोवर नव्हते. बातमी मी आजीला वाचून दाखवली. ती म्हणाली, “आता कुणी जाणार नाही रस्त्यावर. पोरांनी जमिनी विकल्या.” हे अगदी खरं नाही, विरोध अजून होतो. पण आमच्या पट्ट्यात एक्सप्रेसवेला धरून इतक्या स्कीम उभ्या राहिल्यात की ती म्हणते ते खोटंही नाही. सगळ्यांच्या जाहिरातींत ‘स्टेडियमपासून इतकी मिनिटं’ असं लिहिलेलं असतं. अशा एका जाहिरातीसाठी मी स्वतः दोन महिने चित्रं काढली आहेत. पगार चांगला होता.

ऑक्टोबर २०२४ मध्ये गहुंजेला न्यूझीलंडविरुद्धची कसोटी झाली. सँटनरने १३ विकेट घेतल्या, आपण ११३ धावांनी हरलो आणि मायदेशातली मालिका बारा वर्षांनी गमावली. पण पहिल्या दिवशीची बातमी वेगळीच होती. उन्हात बसलेल्या प्रेक्षकांना प्यायला पाणी मिळालं नाही. असोसिएशनने माफी मागितली. ती बातमी फोनवर वाचताना मी आमच्या घरच्या ओट्यावर बसलो होतो. खाली नदीवर आजीची मोटर चालू होती. भात निसवला होता, इंद्रायणी, शेवटचं पाणी द्यायचं होतं.

कॉलेजातलं ते काम मी वेळेत दिलं होतं. हिरवी रेघ मी शेवटी काढलीच, मैदानापासून कागदाच्या कडेपर्यंत, आणि ती तिथे तुटली. सरांनी विचारलं, ही पुढे कुठे जाते? मी म्हटलं, सर, कागद संपला. त्यांनी दहापैकी सहा दिले आणि पुढच्या वेळी मोठा कागद घे म्हणाले.